वाचकांचे प्रश्न : वसतिगृहातच राहून वसतिगृह सांभाळताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांत विद्यार्थ्यांपेक्षा वसतिगृह चालवणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. कुणी रेक्टर, कुणी वॉर्डन, कुणी गृहपाल. पद काहीही असो, ही सगळी माणसं मुलांच्याच इमारतीत राहतात आणि रात्री दोन वाजता दार वाजलं तर उठून तेच उघडतात. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझं एम.एस.डब्ल्यू. झालं आहे. सोलापुरात पुणे रस्त्यावरच्या एका वसतिगृहात मुलींची निवासी रेक्टर म्हणून विचारणा झाली आहे. करार अकरा महिन्यांचा, राहायला दोन खोल्या, जेवण मेसमध्ये. ‘काम फारसं नाही, फक्त राहायचं’ असं सांगितलं. यजमान आणि चार वर्षांचा मुलगा सोबत असतील. होकार देण्याआधी काय विचारून घ्यावं?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : ‘फक्त राहायचं’ असं जिथे सांगतात, तिथे कामाचं स्वरूप कुणी लिहून ठेवलेलं नसतं. मग नळ गळण्यापासून पोलिसांच्या पंचनाम्यापर्यंत सगळं रेक्टरच्या दारात येतं. त्यामुळे आधी कागद मागा. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी आणि त्या दिवशी चार्ज कुणाकडे, हे नेमणूकपत्रात नावानिशी हवं. ‘कुणीतरी बघेल’ असं ठरलं तर ती सुटी तुम्हाला कधीच मिळणार नाही. रात्रीच्या आकस्मिक खर्चासाठी उचल किती, तेही लिहून घ्या. दीडशे मुलींच्या वसतिगृहाला निदान पाच हजार रुपये हाताशी असावेत, म्हणजे रिक्षा, औषधं आणि प्लंबर यांसाठी सकाळपर्यंत थांबावं लागत नाही. एखाद्या मुलीला वसतिगृहातून काढण्याचा निर्णय समितीनं घ्यायचा असतो. तो एकट्या रेक्टरवर ढकलला जाणार नाही, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

बोलणीच्या वेळी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2009 चे रॅगिंगविरोधी विनियम सोबत ठेवा. पूर्णवेळ वॉर्डन नेमावा, त्यानं वसतिगृहात किंवा अगदी जवळ राहावं, त्याला संस्थेनं मोबाइल द्यावा आणि तो क्रमांक सगळ्या मुलांना कळवावा, असं त्यात म्हटलं आहे. वसतिगृहावरचे सुरक्षारक्षक थेट वॉर्डनच्या नियंत्रणाखाली असावेत, हेही त्यात आहे. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. वॉचमन एजन्सीचा असला तरी त्याच्या हजेरीवर सही तुमची हवी, नाहीतर तो तुमचं ऐकणार नाही. स्वतःचा खासगी नंबर मात्र नोटीस बोर्डावर लावू नका. संस्थेचंच सिम घ्या, म्हणजे तुम्ही रजेवर जाताना फोनही बदलीच्या व्यक्तीच्या हाती जाईल.

खोल्या स्वतः जाऊन बघा. यजमान सोबत राहणार असतील तर तुमच्या घराचं दार मुलींच्या गॅलरीत उघडता कामा नये, बाहेरून स्वतंत्र ये-जा हवी. तशी सोय नसेल तर हे काम घेऊ नका. त्यातून पुढे मुलींनाही अवघडल्यासारखं होतं आणि तुमच्या घरच्यांनाही. विजेचा वेगळा मीटर आहे का, गॅस ठेवायला परवानगी आहे का, मेसचं जेवण पगारात धरलंय का, विचारा. निवासस्थान मिळालं की घरभाडे भत्ता सहसा मिळत नाही. म्हणून पगाराची तुलना करताना तो वजा करूनच आकडा पाहा. करार संपल्यावर जागा सोडायला निदान एक महिना मिळावा, हे लिहून घ्या.

चार्ज घेताना डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) हातात धरून खोली-खोली फिरा. पलंग, गाद्या, टेबल, खुर्च्या, पंखे मोजा. प्रत्येक किल्ली त्या-त्या कुलपात फिरवून बघा, कारण किल्ल्यांच्या जुडग्यात निम्म्या किल्ल्या जुन्या कुलपांच्या निघतात. कमी निघालेल्या वस्तूंची यादी तारखेसह करून दोघांच्या सह्या घ्या. ‘सर्व बरोबर आहे’ या छापील ओळीखाली न बघता सही केलीत तर वर्षाअखेरीस हरवलेल्या गाद्यांचा हिशेब तुम्हालाच द्यावा लागेल. पहिल्या आठवड्यात आणखी एक काम उरका. प्रवेश अर्जावरचे पालकांचे सगळे फोन नंबर एकदा लावून बघा. बरेच नंबर बंद असतात किंवा मुलीच्या मैत्रिणीचे निघतात, आणि ते कळतं नेमकं दवाखान्याच्या दारात.

प्रश्न : मुलांच्या वसतिगृहात वॉर्डन म्हणून यंदाच रुजू झालो. नव्या मुलांत खेड्यातली बरीच आहेत, काही अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी. रात्री अकरानंतर वरच्या मजल्यावरची मुलं त्यांना ‘इंट्रो’साठी बोलावतात. विचारलं तर ‘सर, ओळख करून घेतोय’ म्हणतात. नवी मुलंही तक्रार करत नाहीत. यात पडावं का?
(एक वॉर्डन, सोलापूर)

उत्तर : पडावंच लागेल, तेही आजच. ओळख दिवसाउजेडी मेसमध्ये होते. रात्री अकरानंतर एकाच खोलीत, दार लावून, एकाच बाजूनं प्रश्न विचारले जात असतील तर ती ओळख नव्हे. भाषेवरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून खिल्ली उडवणं, जर्नल लिहून घेणं, डबा किंवा सिगारेट आणायला पाठवणं, हे सगळं रॅगिंगमध्येच येतं. मारहाणच व्हायला हवी असं नाही. मुलगा तक्रार करत नाही याचं कारण साधं आहे, त्याला त्याच मजल्यावर अजून तीन वर्षं काढायची आहेत. त्याच्या तक्रारीची वाट बघत बसू नका.

खोलीवाटपापासून सुरुवात करा. नव्या मुलांना शक्यतो वेगळा मजला द्या, आणि तो तुमच्या निवासस्थानाजवळचा किंवा खालचा असू द्या. वेगळा मजला जमत नसेल तर वरच्या वर्गातल्या मुलांनी नव्यांच्या भागात केव्हा जायचं ते ठरवा आणि रात्री दहानंतर जिन्याजवळ वॉचमन बसवा. तीन जणांच्या खोलीत एकाच गावची तिघं टाकू नका, पण कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्याला खोलीत एकटंही पाडू नका. त्याच्या भाषेचा निदान एक सोबती द्या आणि तिसरा मराठी बोलणारा ठेवा. महिनाभरात ती खोली आपोआप स्थिरावते.

पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी नव्या मुलांचं निनावी सर्वेक्षण घ्यावं, असं यूजीसीच्या विनियमांतच सांगितलं आहे. कोऱ्या अर्ध्या कागदावर तीनच प्रश्न ठेवा : रात्री कुणी बोलावतं का, काय करायला लावतात, कोणत्या खोलीत. कागद सगळ्यांना द्या आणि सगळ्यांकडून परत घ्या, कोरा असला तरी. पेटी ठेवून ‘ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं’ असं केलंत तर पेटी रिकामीच राहते, कारण पेटीपाशी जाणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. अक्षर ओळखू येईल अशी भीती असते, म्हणून उत्तरं खुणा करून देता येतील असा कागद तयार करा. मोकळी जागा शेवटी ठेवा.

रात्रीच्या फेरीची वेळ रोज एकच ठेवू नका. फेरीची नोंद वहीत करताना वेळ, मजला, काय दिसलं आणि कोण सोबत होतं, एवढं लिहा. ‘सर्व शांत’ या दोन शब्दांनी काही सिद्ध होत नाही.

तक्रार आली, किंवा तुम्हाला स्वतःला दिसलं, की त्याच रात्री प्राचार्यांना किंवा विद्यापीठाच्या संबंधित अधिकाऱ्यांना लेखी कळवा. तोंडी सांगून थांबू नका. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, 1999 प्रमाणे संस्थाप्रमुखांनी तक्रारीची चौकशी सात दिवसांत करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. हे टाळणं म्हणजे गुन्ह्याला साथ देणं असं हा कायदा मानतो. रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणू नका. तिथे नवा मुलगा माफी स्वीकारतो आणि त्याच रात्री त्याची दुप्पट वसुली होते. तक्रार करणाऱ्याची खोली आधी बदलायची नाही. बदलायची ती समोरच्याची. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 प्रत्येक मजल्यावर, बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे मुलगा तो नंबर निवांतपणे टिपून घेऊ शकतो.

प्रश्न : नव्वद मुलांचं वसतिगृह, शहराच्या कडेला. नळाला पाणी चार दिवसांआड. जमिनीखालची टाकी दहा हजार लिटरची, गच्चीवर पाच हजारांच्या दोन. दर उन्हाळ्यात टँकर मागवतो आणि दर उन्हाळ्यात पोटं बिघडतात. ‘टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका’ म्हणतात, पण किती आणि कसं?
(एक गृहपाल, सोलापूर)

उत्तर : आधी हिशेब करू. वसतिगृहासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचं असं भारतीय मानकात आहे. नव्वद मुलांना दिवसाला 12,150 लिटर झाले. तुमचा एकूण साठा 20,000 लिटरचा, म्हणजे दीड दिवस आणि वर थोडं. उन्हाळ्यात माणशी 90 लिटरवर आणलंत तरी रोज 8,100 आणि चार दिवसांचे 32,400 लागतात. 12,400 लिटरची तूट राहते, ती साधारण एका मोठ्या आणि एका छोट्या टँकरनं भरते. टँकर टाकी कोरडी पडल्यावर मागवू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच मागवा. टाकी तळाला गेली की मोटर गाळ ओढते, तो गच्चीवरच्या टाक्यांत जातो, आणि गढूळ पाण्यात क्लोरिन गाळातच खर्ची पडतो. पावडर टाकूनही पोटं बिघडतात तिथे बहुधा हेच कारण असतं.

आता टीसीएल. चांगल्या, ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो. स्वच्छ पाण्याला 1,000 लिटरमागे अडीच ग्रॅम पुरते. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याला पाच ग्रॅमपर्यंत न्यावं लागतं. तुमच्या वीस हजार लिटरला 50 ते 100 ग्रॅम. चमच्यानं मोजू नका, प्रत्येकाचा चमचा वेगळा. मेसमधला वजनकाटा आणा, पण भांडं वेगळं ठेवा.

पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत पावडर घ्या, थोडं पाणी घालून काठीनं लगदा करा, गुठळ्या मोडा. मग बादली पाऊणपर्यंत भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. तळाशी पांढरा चुना बसतो आणि वर निवळ राहते. फक्त ती निवळ टाकीत ओता, शक्यतो पाणी पडत असताना, म्हणजे नीट मिसळते. चुना टाकून द्या. तो टाकीत गेला तर पाणी पांढरट दिसतं, मुलं पाण्याला नावं ठेवतात आणि बाहेरच्या बाटल्या आणतात. निवळ ओतल्यावर एक तास पाणी वापरायचं नाही. म्हणून हे काम रात्री अकरानंतर किंवा पहाटे चारला करा.

तासाभरानं ओटी (ऑर्थोटोलिडिन) तपासणी करा, तिच्यात पाण्यात उरलेला क्लोरिन कळतो. नळीत पाणी घ्या, सांगितलेले थेंब टाका आणि पिवळा रंग पट्टीशी जुळवून बघा. टाकीपाशी लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम दिसायला हवा, आणि सगळ्यात लांबच्या नळाला निदान 0.2. लांबच्या नळाला रंगच आला नाही तर एकतर पावडर जुनी आहे किंवा मधे पाइप फुटून बाहेरचं पाणी आत येतंय. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पावडरीची ताकद फार लवकर जाते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत, कोरडी ठेवा आणि वर्षाचा साठा एकदम घेऊ नका.

संडास धुण्याचं ॲसिड आणि टीसीएल एका कपाटात कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो आणि बंद संडासात साफसफाईच्या मावशींच्या जिवावर बेततं. हे त्यांना स्वतः सांगा, डबे दाखवून सांगा.

आरओ यंत्र बसवलं म्हणून निर्धास्त राहू नका. आरओतून पाणी गाळलं जाताना क्लोरिनही निघून जातो, त्यामुळे पुढच्या स्टीलच्या टाकीतल्या पाण्याला संरक्षण उरत नाही. ती टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून घ्या. तोटीला तोंड लावून पिण्यावर बंदी घाला. जमिनीखालची टाकी साफ करताना माणूस एकटा उतरवू नका. झाकण बराच वेळ उघडं ठेवा, कमरेला दोर बांधा, वर दुसरा माणूस उभा करा. आणि एकाच दिवसात तीन-चार मुलांना जुलाब झाले तर पावडर टाकण्याआधी पाण्याचा नमुना बाटलीत काढून ठेवा, महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवा, ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालून देत राहा.

प्रश्न : हिवाळ्यात पाणी तापवायची कॉइल, उन्हाळ्यात कूलर, आणि वर्षभर इंडक्शन. जप्त करून थकले. काय करावं?
(रेक्टर, मुलींचं वसतिगृह, पंढरपूर)

उत्तर : जप्तीआधी मुलींना आकडा सांगा. खोलीतलं साधं सॉकेट 6 अँपिअरचं असतं. 1,500 वॉटची कॉइल 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढते, इंडक्शन आठच्या वर जातं. सॉकेट तापतं, आतली वायर वितळते आणि ठिणगी गादीवर पडते. कॉइलचा आणखी एक धोका असा की बादली लोखंडी असेल किंवा मुलीनं बटण चालू असताना बोट घालून पाणी बघितलं तर थेट शॉक बसतो. प्रत्येक मजल्याच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. बटण दाबूनही पडला नाही तर तो बदलायला हवा.

नुसत्या जप्तीनं भागणार नाही, पर्याय द्यावा लागेल. सोलार किंवा गिझरचं पाणी सकाळी ठरावीक वेळेत मिळतं का? रात्री अभ्यासाच्या वेळी चहा, मॅगी करायला पँट्रीत 16 अँपिअरचं एक सॉकेट आणि एक ओटा आहे का? हे असेल तर खोलीतली इंडक्शन आपोआप कमी होतात.

सोलापूर-पंढरपूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांना पोचतो, तिथे कूलरला सरसकट बंदी घालणं निर्दयपणाचं आहे. परवानगी द्या, पण तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग, आणि पाणी भरताना बटण बंद, या अटींवर. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. त्या दिवशी टाकी रिकामी करून घासायची, नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. अग्निशमन सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते दर महिन्याला बघा. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म ब’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. त्याची प्रत ऑफिसात आहे का, विचारा.

प्रश्न : मुलगी रात्री वेळेत परतली नाही तर नेमकं काय करायचं? आणि मुलांच्या वसतिगृहाला वेळ साडेदहाची, आमच्याकडे साडेसातची. मुली रोज भांडतात.
(सहायक रेक्टर, सोलापूर)

उत्तर : मुलींचं म्हणणं बरोबर आहे. लैंगिक छळ प्रतिबंधाबाबतच्या यूजीसीच्या 2015 च्या विनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावू नयेत. ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडं आणि मुलींचं गेट साडेसातला बंद, तर त्या पुस्तकांची फी त्यांनी का भरावी? वरिष्ठांकडे लेखी प्रस्ताव द्या. गेटपासून रस्त्यापर्यंत दिवे आणि शेवटच्या बसची वेळ, या दोन गोष्टी प्रस्तावात घाला. नकार मिळतो तो सहसा याच मुद्द्यांवर.

आता न परतलेल्या मुलीबद्दल. हजेरीनंतर पंधरा मिनिटांत तिला फोन. लागला नाही तर खोलीतल्या मैत्रिणीला एकटीला बाहेर बोलावून विचारा, चारचौघींत नाही. मग आउटपासवर लिहिलेलं ठिकाण, मग स्थानिक पालक. बाहेरगावाहून येणारी असेल तर बस किंवा गाडी उशिरा आहे का, ते आधी तपासा. पालकांना फोन करताना ‘तुमची मुलगी पळाली’ अशा सुरात बोलू नका. ‘अजून पोचलेली नाही, तुमच्याशी बोलणं झालं का?’ एवढंच. तासाभरात पत्ता लागला नाही तर वरिष्ठांना कळवून 112 किंवा पोलिस ठाणे. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. अठरा वर्षांखालची मुलगी असेल तर अजिबात थांबू नका. अल्पवयीन मुलगी हरवल्याची तक्रार पोलीस अपहरणाचा गुन्हा म्हणून नोंदवतात. प्रत्येक फोनची वेळ वहीत त्याच क्षणी लिहा, सकाळी आठवून नव्हे.

मुलगी परत आली की आधी पाणी, जेवण, आणि ती ठीक आहे ना हे विचारणं. लेखी खुलासा दुसऱ्या दिवशी. दारातच रागावलात तर पुढच्या वेळी अडचणीत असताना ती तुम्हाला फोन करणार नाही. कुणी ‘भाऊ आहे, न्यायला आलोय’ म्हणालं तर नाव अर्जावर आहे का बघा, ओळखपत्र बघा, पालकांच्या नोंदवलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. समोरच्यानं लावून दिलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : एक मुलगा पंधरा दिवसांपासून मेसला येत नाही, दिवसभर झोपून असतो. परवा त्यानं आपलं सायकल-कुलूप, पुस्तकं मित्राला देऊन टाकली. मी काय बोलू?
(वॉर्डन, सांगोला)

उत्तर : हे पत्र मिळताच आम्ही आपल्याला वेगळं उत्तर पाठवलं. इतरांसाठी इथे देत आहोत. जेवण सुटणं, झोप बिघडणं आणि वस्तू वाटून टाकणं एकत्र दिसलं की थांबायचं नाही. त्याच्या खोलीत जा, बसा, इतरांना बाहेर पाठवा. सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतंय का? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं डोक्यात तसा विचार येतो, ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ किंवा नुसती शांतता आली तरी त्याला एकटं सोडू नका. सोबत मोठं माणूस ठेवा. रूममेटवर रात्रभर ही जबाबदारी टाकू नका, तोही विशीतलाच पोरगा आहे. खोलीत औषधांचा साठा नाही आणि गच्चीला कुलूप आहे, एवढं पाहा.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन आणि तुला आधी कळवेन’ असं म्हणा. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. त्याच्यासमोर तुम्हीच लावून द्या. दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये ही सोय आहे. पालकांना बोलावताना घरची परिस्थिती आधी मुलाकडून समजून घ्या. काही वेळा ताण घरातूनच आलेला असतो, अशा वेळी मामा किंवा मोठी बहीण अधिक उपयोगी पडते. पोलिस केस होईल म्हणून पुष्कळदा लपवाछपवी होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. हे पालकांना सांगा. उपचार घेऊन परतलेल्या मुलाला ‘वसतिगृहाला धोका’ म्हणून काढून टाकू नका. खोली तीच ठेवा, पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी दोन मिनिटं भेटा.

प्रश्न : मेसच्या खाड्यांवरून (न जेवलेल्या दिवसांच्या वजावटीवरून) दर महिन्याला वाद. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत आणि संक्रांतीला निम्मी मुलं गायब, अन्न वाया जातं.
(मेस सचिव, सोलापूर)

उत्तर : खाडा आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत वहीत लिहिलेला असेल तरच धरायचा, आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर नाही. हा नियम जुलैतच सह्या घेऊन लावा, महिनाअखेरीस नव्हे. जानेवारीत यात्रेच्या आठवड्याची यादी तीन दिवस आधी घ्या. माप असं : एक किलो ज्वारीच्या पिठात दहा-बारा भाकरी, एक किलो कणकेत तीसेक पोळ्या, माणशी तांदूळ 75 ग्रॅम, तूरडाळ 35 ते 40 ग्रॅम. भाकरीच्या दिवशी तांदूळ थोडा कमी लागतो. उरलेला भात पातेल्यात रात्रभर ठेवून सकाळी फोडणी देऊ नका. भातातले जिवाणू त्या ऊबेत वाढतात, त्यांचं विष फोडणीनंही जात नाही. गरम अन्न 60 अंशांच्या वर, गार 5 च्या खाली, मधे फार वेळ नाही. प्रत्येक जेवणाचा एक-एक वाटी नमुना झाकून, तारीख घालून 48 तास फ्रिजमध्ये ठेवा. शेंगा चटणीचे दाणे घेताना काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशीचे दाणे निवडून फेका, भाजून ते सुधारत नाहीत.

प्रश्न : गॅलरीत कॅमेरे लावले तर चालतील का? (मोहोळ)

उत्तर : गेट, जिना, मेस, बाहेरची भिंत इथे चालतील. खोली, बाथरूम, कपडे वाळत घालायची जागा, आणि खोलीचं दार उघडल्यावर आतलं दिसेल असा कोन, इथे नाही. रेकॉर्डिंग कोण बघू शकतो ते लिहून ठेवा. वॉचमनच्या मोबाइलवर ते नको.

प्रश्न : वर्षाअखेरीस अनामत रकमेतून किती कापावं? मुलं म्हणतात खोली आली तेव्हाच मोडकी होती. (गृहपाल, अकलूज)

उत्तर : आणि त्यांचं खरंही असतं. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक खोलीचं एक पान भरा : पलंग, गादी, कपाटाची कडी, खिडकीच्या काचा, पंख्याचा रेग्युलेटर, नळ. आधीच मोडलेलं तिथेच लिहा, मोबाइलवर फोटो काढा, खोलीतल्या तिघांच्या सह्या घ्या. जाताना तेच पान समोर धरा. रंग उडणं, कडी सैल होणं, गादी दबणं ही वापरातली झीज आहे, तिचे पैसे कापू नका. काच फोडली, किल्ली हरवली, तर प्रत्यक्ष दुरुस्तीच्या पावतीएवढंच कापा. कुणी केलं ते कळत नसेल तर खोलीतल्या तिघांत वाटा, पण पूर्ण मजल्यावर दंड बसवू नका. उरलेली रक्कम विद्यार्थ्याच्याच बँक खात्यावर जमा करा, रोख देऊ नका, आणि नो ड्यूजवर सही करण्याआधी किल्ली हातात घ्या.